खंडेनवमीनंतर एअर रायफलचा ग्रुप पसरलाय, स्प्रिंग बदलू का?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. रायफल ०.१७७ इंचाची (४.५ मिमी), भारतीय बनावटीची, नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली. दस्ता लाकडी, वर ३-९×४० स्कोप (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची). अंतर टेपनं मोजून १० मीटर, कागदी टार्गेट, मागं वाळूची पेटी. पावसाळ्याआधी टेकू देऊन मारलेले ५ छर्रे १५ मिमीत बसायचे, मध्यापासून मध्यापर्यंत. आता ४० ते ४५ मिमी. तेही एकसारखे पसरत नाहीत. कधी ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पसारा, उभा लांबतो, कधी तीन इकडं आणि दोन तिकडं असा फुटतो.

बदललं ते एवढंच: खंडेनवमीला पूजेसाठी पूर्ण पुसली, नळीत आणि नळीमागच्या हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडलं. छर्रे त्याच कंपनीचे, पण डबा नवा. दुकानदार म्हणतो, स्प्रिंग बसली, नवीन टाका. घरीच बदलावी म्हणतोय. टाकू का?

औंधकर
आधी चार प्रश्न. मारल्यावर धूर किंवा जळका वास येतो का? आवाज नेहमीपेक्षा कडक आहे का? टेकू म्हणजे नक्की काय? आणि स्कोपला अंतर जुळवायची रिंग आहे का?

कृष्णाकाठ
धूर येतो, वासही. पहिले सात-आठ बार फटाक्यासारखे वाजतात, मग कमी होतं. टेकू म्हणजे वाळूची पिशवी, त्यावर दस्त्याचा पुढचा भाग ठेवून वरून हातानं दाबून धरतो, हलू नये म्हणून. स्कोपला तशी रिंग नाही.

औंधकर
मग स्प्रिंग मागवू नका, पैसे राहू द्या खिशात. स्प्रिंग थकली तर वेग उतरतो आणि छर्रा एकसारखा खाली लागतो, पण ग्रुप तिप्पट होत नाही. तुटली असेल तर नळी मोडतानाच कळतं: मध्येच खरखर लागते, झटका बसतो, बार मऊ येतो. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

तुमचं पहिलं दुखणं तेल. पिस्टन पुढं येताना हवा इतक्या झटक्यात दाबली जाते की ती भयंकर तापते. तिथं पातळ खनिज तेल असलं की डिझेल इंजिनात होतं तेच होतं, तेल पेटतं. प्रत्येक बाराला किती पेटणार याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक छर्र्याचा वेग निराळा आणि ग्रुप उभा लांबतो. कडक आवाज म्हणजे स्फोटाचा धक्का उलटा पिस्टनवर बसतोय. पिस्टनच्या तोंडाचा वॉशर आणि स्प्रिंग दोन्हींचं आयुष्य त्यानं खरोखर कमी होतं.

आता करायचं काय? तेलाची बाटली कपाटात ठेवा. नायलॉनच्या दोरीला सुती चिंधी बांधून नळीतून ओढा, भरायच्या बाजूनं तोंडाकडे. चिंधी कोरडी निघेपर्यंत. चौकोन साधारण दोन सेंटिमीटरचा, ओढताना थोडा जोर लागला पाहिजे. लोखंडी गज घालू नका, नळीतल्या आट्या (छर्रा फिरवणाऱ्या खाचा) खरडतात. हवेच्या भोकाशी कापसाची काडी धरून वर आलेलं तेल टिपून घ्या. मग जरा जड छर्रे घेऊन ४०-५० बार मारा, टार्गेटकडे बघूच नका. राहिलेलं तेल जळून जाईल. तरीही कडक आवाज राहिला तर रायफल उघडून आतलं पुसावं लागेल, पण ती पुढची गोष्ट.

अजून एक. पुसून कोरडी केलेली नळी लगेच नीट मारत नाही. आतमध्ये शिशाचा पातळ थर पुन्हा बसायला १०-२० छर्रे लागतात. त्याआधीचा ग्रुप मोजण्यात अर्थ नाही.

विट्याचा_नेम
वॉशर चामड्याचा असेल तर तेल लागतंच की. कोरडा पडला की आकसतो आणि हवा गळते.

औंधकर
बरोबर, जुन्या रायफलीत चामडी वॉशर असतो आणि त्याला महिन्या-दोन महिन्यांत दोन-तीन थेंब लागतात. थेंब टाकून रायफल रात्रभर उभी ठेवायची, तेल मुरू द्यायचं. पण थेंब, धार नाही. आणि सिंथेटिक वॉशरला तेवढंही नको. कृष्णाकाठ, तुमचा कुठला ते रायफलच्या पुस्तिकेत बघा.

खोबरेल तर कुणीच वापरू नये. साताऱ्याकडं थंडीत सकाळी बाटलीत गोठतं, तसंच रायफलच्या आतही गोठतं.

मिरज_जंक्शन
तेलानं उभा पसारा समजला. आडवा कुठून आला ते दस्त्याचे स्क्रू सांगतील. पावसाळ्यात लाकूड ओल घेऊन फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं. फुगलेल्या लाकडावर आवळलेले स्क्रू आता ढिले असणार, आणि स्प्रिंग रायफलचा झटका तर रोज त्यांना हलवत असतोच. आमच्या मिरजेत तंबोरे करणारे लाकूड आणि भोपळे वर्षानुवर्षं सुकवून मगच हात लावतात, त्याचं कारण हेच. दस्त्याचं लाकूड कुणी एवढं मुरवत नाही.

दोन बाजूचे पुढचे स्क्रू आणि घोड्याच्या कडीचे स्क्रू, सगळे तपासा. पान्याचं टोक खाचेत गच्च बसणारं हवं, नाहीतर खाच फाटते. हाताच्या जोरानं घट्ट करा, लाकूड चेपेपर्यंत नको. डोक्याखाली दातेरी वॉशर नसेल तर बसवा. मग स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यावर येईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. पन्नास बारांनंतर रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. नजरेला कधीच कळत नाही, रेघेला कळतं.

कराडची_सई
वाळूच्या पिशवीवर दाबून धरणं थांबवा, कृष्णाकाठ दादा. माझ्या मते निम्मा पसारा तिथंच आहे.

मॅचच्या प्री-चार्ज्ड, म्हणजे सिलिंडरात आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफलला दाबून धरलं तर चालतं, स्प्रिंगवालीला नाही. घोडा सुटला की जड पिस्टन पुढं धावतो, रायफल मागं येते. पिस्टन टोकाशी हवेच्या गादीवर आपटला की रायफल पुढं जाते. आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच सुरू होतं. म्हणजे छर्रा बाहेर पडेपर्यंत रायफल कशी हलली यावर तो कुठं लागणार ते ठरतं. दाबायचा जोर प्रत्येक वेळी सारखा ठेवणं माणसाला शक्य नाही. सैल सोडणं मात्र दर वेळी सारखं जमतं.

डावा तळहात उघडा, पिशवीवर हात, हातावर रायफल. बोटांनी दस्ता पकडायचा नाही. खांद्याला नुसती टेकलेली, उजव्या हाताची पकड हस्तांदोलनापेक्षा हलकी. आणि तळहात दर वेळी त्याच जागी. दस्त्याच्या खाली खडूनं रेघ मारा. हात दोन सेंटिमीटर पुढं-मागं झाला तरी छर्रा जागा बदलतो. तीन वेगळ्या जागा करून प्रत्येकी पाच-पाच मारून बघा, सगळ्यात लहान ग्रुप जिथं येईल ती रायफलची आवडती जागा.

बार झाल्यावर गाल लगेच उचलू नका. छर्रा लागल्याचा आवाज ऐकून मनात एक-दोन म्हणा, मग डोकं वर.

विट्याचा_नेम
सई ताई, हे पटत नाही. जड हातानं धरून चांगले ग्रुप काढणारे आहेत की.

कराडची_सई
आहेत, आणि कमी झटक्याच्या, जड रायफलीवर ते जमतंही. पण इथं प्रश्न दोष शोधायचा आहे. शोधताना माणूस जितका कमी आड येईल तितकं बरं. रायफल दुरुस्त झाली की मग हवं तसं धरा.

अजिंक्यतारा_१०९
ग्रुप तीन-दोन असा फुटतोय याकडं कुणी लक्ष दिलं नाही. तेल आणि स्क्रू पसरवतात, पण असे दोन गठ्ठे बहुतेक वेळा स्कोप करतो.

अंतर जुळवायची रिंग नसलेला ३-९×४० बहुधा १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला बसवलेला असतो. १० मीटरवर त्यातून बघताना डोळा मध्यातून सरकला की काट्याची फुली टार्गेटवर सरकते. ४० मिमीच्या काचेचा हिशोब केला तर डोळा अगदी कडेला गेल्यावर चूक १७-१८ मिमीपर्यंत जाते. रायफल पिशवीवर न हलवता ठेवा, डोकं हळूच डावी-उजवीकडं करा. फुली काळ्या गोलावर फिरताना स्वतःच दिसेल.

उपाय दोन. गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी. त्यासाठी दस्त्यावर कापडी पट्टी चिकटवा, गालाला खूण मिळते. दुसरा, स्कोपच्या पुढच्या काचेवर मध्यावर २० मिमीचं भोक पाडलेली पुठ्ठ्याची चकती बसवा. प्रकाश कमी होतो, पण चूक निम्म्यावर येते. कायमचा इलाज म्हणजे १० यार्डांपर्यंत अंतर जुळवता येणारा, स्प्रिंग रायफलच्या दुहेरी झटक्यासाठी बनवलेला स्कोप. साध्या बंदुकीचा झटका एकाच दिशेचा असतो, आपला दोन्हीकडचा, आणि त्यात साध्या स्कोपच्या आतले भाग ढिले होतात.

उंचीची चकती किती वर फिरवलीय तेही सांगा. बऱ्याच ब्रेक-बॅरलच्या, म्हणजे नळी मोडून भरायच्या रायफलींच्या नळ्या किंचित खाली झुकलेल्या असतात, मग लोक चकती शेवटपर्यंत वर नेतात. तिथं आतली स्प्रिंग ढिली पडते आणि फुली बारागणिक जागा सोडते. तसं असेल तर मागच्या माउंटखाली (स्कोप धरणाऱ्या पकडीखाली) पातळ पट्टी घालून चकती मध्याच्या आसपास आणा. ११ मिमी रेलवर माउंट मागं सरकलाय का तेही बघा, रेलवर ओरखडा दिसतो.

लेथवाला_कुपवाड
नळीचा सांधा राहिला. ब्रेक-बॅरलमध्ये नळी बिजागरावर असते, आणि दर वेळी ती त्याच जागी बंद झाली तरच नेम राहतो.

तपासायची रीत: रायफल कॉक करा, छर्रा भरू नका, नळी मोडलेलीच ठेवा, एका हातानं नळी पक्की धरून बोट घोड्यापासून लांब. आता नळी थोडी वर नेऊन हलकेच सैल करा, हात जवळच ठेवून. ती आहे तिथं थांबली पाहिजे. आपल्या वजनानं खाली पडली तर पिव्होट बोल्ट, म्हणजे बिजागराचा बोल्ट, ढिला. नळी बंद करून डावी-उजवीकडं हलवा, टक टक जाणवलं तरी तेच. बोल्ट थोडा-थोडा आवळा, आठवा हिस्सा फेरा, परत बघा. बोल्टऐवजी ठोकलेली पिन असेल तर आवळता येत नाही, दोन्ही बाजूंचे पातळ वॉशर बदलावे लागतात. झिजले असतील तर चांगला लेथवाला करून देतो, मापाला जुना वॉशर सोबत न्या.

तपासून झाल्यावर छर्रा भरून पेटीत बार मारा. रिकामी सोडू नका, समोर छर्र्याची अडवणूक नसली की पिस्टन टोकाला जाऊन आपटतो. आणि नळी उघडी असताना घोडा तर कधीच ओढू नका. नळी वर फेकली जाऊन वाकते, बोट मध्ये असेल तर बोट जातं.

सील बघायला नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची अरुंद पट्टी ठेवून बार मारा. पट्टी उडाली तर हवा गळतेय. सांध्यातली ओ-रिंग (गोल रबरी सील) बदलायची, मापाची. थोडी खोल बसली असेल तर खाली कागदाची चकती घालून वर आणता येते, रिंग पृष्ठभागाच्या किंचित वर दिसली पाहिजे.

स्प्रिंग घरी बदलायचा विचार मात्र सोडा. आत ती दाबूनच बसवलेली असते. कंप्रेसरशिवाय मागचं टोपण काढलं तर टोपण आणि स्प्रिंग तोंडावर येतात.

वाईचा_घाट
नव्या डब्यातले छर्रे काचेवर पसरून बघितले का? एक-एक काचेवर लोटा. नीट छर्रा डोक्याभोवती गोल फिरतो, घेर चेपलेला अडखळतो. कुरियरमध्ये आपटलेल्या डब्यात चेपलेले भरपूर निघतात. आणि एकाच कंपनीच्या दोन डब्यांतही डोक्याचं माप वेगळं असू शकतं: ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२. डब्याच्या तळाला चिकटवलेला आकडा जुन्या डब्याशी ताडून बघा. सराफाच्या एक मिलिग्रॅमच्या काट्यावर वीस छर्रे तोला. साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा, त्यात ०.०१ ग्रॅमपेक्षा जास्त फरक असलेले वेगळे काढा.

दहा मीटरला सपाट डोक्याचेच घ्या, भोक गोल आणि स्वच्छ पडतं. घुमटी डोक्यानं कागद फाटतो आणि माप चुकतं. माप घेताना बाहेरच्या कडा मोजून ४.५ मिमी वजा करायचे.

अजिंक्यतारा_१०९
आणि एका ग्रुपवरून निकाल लावू नका. पाच-पाचचे किमान तीन. पाच छर्रे योगायोगानंही जवळ पडतात.

सांगलीवाडी_पालक
मध्येच विचारतो, क्षमा करा. मुलगा १४ वर्षांचा, क्लबात प्री-चार्ज्ड रायफल वापरतो. कुसाळेनं पॅरिसला पदक घेतल्यापासून फार वेड लागलंय. त्याचेही छर्रे उभे लांबताहेत. हेच लागू होतं का? आणि घरी सरावाला एअर रायफल घेतली तर परवाना लागतो का?

कराडची_सई
दादा, स्वप्निल कुसाळेचं २०२४ चं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशनचं, ती ०.२२ ची काडतुसाची रायफल. मुलाचा प्रकार १० मीटर एअर रायफल.

प्री-चार्ज्डमध्ये उभा पसारा दिसला की आधी दाब बघायचा. सिलिंडर २०० बार (हवेच्या दाबाचं एकक) दाबापर्यंत भरतात, रेग्युलेटर तो कमी करून एकसारखा पुरवतो. दाब फार उतरला की वेग पडतो. पहिलाच बार दर वेळी वेगळा आणि पुढचे ठीक, असं असेल तर थांबलेल्या वेळात रेग्युलेटरमधून हवा झिरपतेय. रेग्युलेटर घरी उघडायचा नाही. सिलिंडरवरची तारीख बघा, मॅच रायफलींच्या सिलिंडरला कंपन्या सहसा १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला भरू नका.

यंत्र ठीक असेल तर श्वास. श्वास अर्धा सोडून थांबायची जागा दर वेळी तीच आहे का, ते प्रशिक्षकांना बघायला सांगा. नळीच्या टोकाशी नेमासाठी असलेल्या पुढच्या रिंगचं भोकही बघा. काळ्या गोलाभोवती पांढरं कडं स्पष्ट दिसलं पाहिजे. रिंग फार लहान घेतली की कडं बारीक होतं, डोळा थकतो आणि मुलं घाईनं घोडा ओढतात. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा आणि नवाचं वर्तुळ ५.५ मिमीचं आहे, घाईला तिथं जागाच नाही.

औंधकर
परवान्याचं: आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेली असेल तर परवाना लागत नाही. खरेदीला ओळखपत्र द्यावं लागतं. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २५० मीटरनं गेला तर साधारण १६.५ ज्यूल होतात. म्हणून जास्त जोराची स्प्रिंग टाकायच्या भानगडीत पडू नये, कायद्यातूनही बाहेर जाल आणि नेमही बिघडेल. पक्ष्यांवर मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. मुलाला पहिल्या दिवशीच सांगा. घरी मागं भिंत नुसती नको, वाळूची पेटी हवी, डोळ्यांना चष्मा, आणि शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं एका वेळी एकच बदल करत गेलो, प्रत्येकानंतर पाच-पाचचे तीन ग्रुप. आकडे तिन्हींची सरासरी.

चिंध्या अकरा लागल्या, पहिल्या चार पिवळट ओल्या. ४५ बार जाळले, आवाज मऊ झाला. ग्रुप ३४ मिमी, उभं लांबणं गेलं. पुढचा डावा स्क्रू पाऊण फेरा फिरला, उजवा अर्धा. २७ मिमी. हात सैल, खडूची रेघ पुढच्या स्क्रूच्या मागं चार बोटांवर. १९ मिमी. नळी खरंच खाली पडत होती, बोल्ट दोन वेळा आठवा हिस्सा आवळला. १६ मिमी. टिश्यू हलला नाही. नव्या डब्यावर ४.५२ आहे, जुन्यावर ४.५०. जुन्यातले चाळीस उरलेत ते राखून ठेवलेत. पुठ्ठ्याची चकती लावली आणि तीन-दोन फुटणं बंद झालं. आता १३ मिमी, नव्याच डब्यावर.

स्प्रिंग मागवली नाही. आता ग्रुप छान आहे, पण मध्यापासून १२ मिमी खाली आणि ४ मिमी उजवीकडं. स्कोपवर एका क्लिकला पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) लिहिलंय, किती क्लिक?

अजिंक्यतारा_१०९
सुंदर काम केलंत. १० मीटरवर पाव एमओएचा एक क्लिक म्हणजे ०.७३ मिमी. वर १६, डावीकडं ५ किंवा ६. चकती फिरवल्यावर पहिले दोन-तीन बार मोजू नका, झटक्यानं आतला भाग जागेवर बसू द्या. आणि वर १६ फिरवल्यावर चकती टोकाला तर जात नाही ना, तेवढं बघा.

कृष्णाकाठ
मोजली. अजून दीड फेरा शिल्लक आहे.

वाईचा_घाट
मग ४.५० चा डबा मागवा आणि त्याचेही तीन ग्रुप इथं टाका. १३ चे ११ होतात का बघू.